शेत ते बाजार: बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडी पट्ट्यात माल नेमका कुठे अडतो?

वडगावकर (धागाकर्ता)

मंडळी, भाजीचे भाव वाढले की आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकू येतात: डिझेल महागलं किंवा दलालांनी भाव पाडला. दोन्हीत तथ्य असेल, पण मधला रस्ता कोणी नीट उलगडून सांगत नाही. पुणे–बंगळूर महामार्ग सहापदरी होतोय, लोंढा–मिरज रेल्वेचं दुहेरीकरण हाती घेतलं गेलं, सांबऱ्याचा विमानतळ आहे. कागदावर बेळगावइतकं सोयीचं ठिकाण कमी सापडेल. इथून गोवा, कोकण, कोल्हापूर, हुबळी सगळं एका रात्रीच्या पल्ल्यात येतं. तरी कडोली-काकतीच्या शेतातली भाजी मडगावला पोचेपर्यंत तिचा ताजेपणा अर्धा उतरलेला असतो, आणि बेळगावच्या रविवार पेठेतला किराणा खानापूर तालुक्यातल्या कक्केरीच्या दुकानात जाईपर्यंत महाग झालेला असतो.

या कामात रोज असणाऱ्यांनी लिहावं. आकडा द्या, गाडी कोणती ते सांगा, कुठे बिघडतं आणि का ते सांगा. सीमावादाची चर्चा या धाग्यात नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

---

पाटा_स्प्रिंग

सुरुवात गाडीच्या हौद्यापासून करू, कारण निम्मं नुकसान तिथेच ठरतं.

१.३ टन क्षमतेच्या पिकअपचा हौदा ढोबळ मानाने अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद. भाजीचा नेहमीचा प्लास्टिक क्रेट ५४ × ३६ सेंमीचा, उंची २९ च्या आसपास. लांबीत ४ आणि रुंदीत ४ बसतात, म्हणजे एका थरात १६. टोमॅटोचा क्रेट धरा: २२ किलो माल, २ किलो क्रेट, एकूण २४. तीन थर म्हणजे ४८ क्रेट, १,१५२ किलो. चौथा थर पूर्ण लावला की ६४ क्रेट होतात आणि वजन १,५३६ किलोवर जातं. गाडीची कायदेशीर मर्यादा ५४ क्रेटलाच संपली (१,२९६ किलो). वरचे १० क्रेट म्हणजे २४० किलो जास्तीचे. ते दिसत नाहीत, कारण हौद्यात जागा शिल्लकच असते. जागा संपली नाही म्हणून माल भरत राहायचं, ही आपल्याकडची सगळ्यात महागडी सवय आहे.

जास्त वजनाने पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट होतात. पाटा सपाट झाला की खड्ड्याचा धक्का स्प्रिंग खात नाही, तो सरळ मालात जातो. हौद्यातली सगळ्यात वाईट जागा कोणती? मागच्या चाकांच्या मागे, सगळ्यात वरचा थर. तिथला क्रेट प्रत्येक गतिरोधकावर उडतो. म्हणून तिथे टोमॅटो, वांगी ठेवू नका. ढबू मिरची, भेंडी अशी हलकी आणि लवचीक भाजी तिथे चालते. टोमॅटो पुढे, केबिनच्या पाठीला लावून.

आणि क्रेट काठोकाठ भरू नका. काठाच्या खाली दोन बोटं जागा हवी. माल काठाच्या वर आला की वरच्या क्रेटचं वजन प्लास्टिकवर न पडता टोमॅटोवर पडतं. खालच्या थराचा चिखल होतो तो याच कारणाने, अंतरामुळे नाही.

---

कंग्राळी_बाजार

@पाटा_स्प्रिंग, अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे पहिले ३-४ किलोमीटर महामार्गावरच्या शंभर किलोमीटरपेक्षा जास्त मार देतात. पाणंद रस्ता ओला असला की पिकअप आत जात नाही. मग माल डोक्यावरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर येतो आणि रस्त्यावर परत भरला जातो. एक हाताळणी वाढली. बाजारात उतरवताना दुसरी, गोव्याच्या गाडीत चढवताना तिसरी, तिकडे उतरवताना चौथी. पालेभाजीला हे सोसत नाही. मेथी-कोथिंबिरीची जुडी प्रत्येक हाताळणीत थोडी मोडते, आणि मोडलेलं पान आधी पिवळं पडतं.

पाणंद पक्की करायला सहापदरी रस्त्याचा पैसा लागत नाही. मुरूम, रोलर आणि दोन्ही बाजूंना चर. चर नसला की मुरूम पहिल्या पावसाळ्यात वाहून जातो आणि लोक म्हणतात, काम निकृष्ट झालं. काम बऱ्याचदा अर्धवट झालेलं असतं, एवढंच.

---

चोर्ला_ते_साखळी

गोव्याची बाजू मी लिहितो.

गोव्याला भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून जाते, आणि तिकडचं सरकारी फलोत्पादन महामंडळही इथून खरेदी करतं. म्हणजे हा घरगुती धंदा नाही, एका आख्ख्या राज्याचं रोजचं स्वयंपाकघर या तीन घाटांवर टांगलेलं आहे:

चोर्ला: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी. पणजी-म्हापशाला सगळ्यात जवळचा. वळणं अरुंद, धुकं दाट.

अनमोड: खानापूर, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा. राष्ट्रीय महामार्ग, मडगावला सोयीचा, अवजड गाडीचा हाच नेहमीचा मार्ग.

आंबोली: शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी. दक्षिण कोकणाचा. गोव्यासाठी हा वळसाच.

पावसाळ्यात यातला एखादा बंद पडतो किंवा त्यावर अवजड वाहनांना मनाई येते. कुसमळीजवळचा मलप्रभेवरचा ब्रिटिशकालीन पूल कमकुवत झाला म्हणून त्यावरून मोठ्या गाड्या बंद केल्या आणि नवा पूल बांधायला घेतला, तेव्हा हेच झालं. अशा वेळी काय होतं ते बघा. ९ टन भाजीची एक गाडी जात होती. आता तोच माल पिकअपमध्ये घालायचा तर ७ गाड्या लागतात. सात चालक, सात जणांची रात्र, सात वेळा परतीचा रिकामा प्रवास. भाडं नुसतं वाढत नाही, त्याची रचनाच बदलते. दुसरा मार्ग म्हणजे मोठी गाडी अनमोडने फिरवायची. मग उत्तर गोव्यातल्या बाजाराला उशीर होतो. पहाटेच्या बाजारात पोचलेल्या मालाला एक भाव, आणि उजाडल्यावर पोचलेल्याला दुसरा. दोन तासांच्या उशिरात अख्ख्या फेरीचा नफा जातो.

घाटात उतरताना चालकाने लक्षात ठेवायची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण अपघात त्यामुळेच होतात. ज्या गिअरमध्ये ही गाडी हा घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवा. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतो, आणि पायाखाली पेडल असूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला की थांबायची वेळ आधीच निघून गेलेली असते, म्हणून वास यायची वाट बघू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारा चालक ठेवूच नका. वजन जास्त असेल तर हे सगळं दुप्पट लागू होतं, म्हणून पाटा_स्प्रिंग यांचा ५४ क्रेटचा हिशोब घाटासाठी तर पवित्र माना.

---

उगारखुर्द_स्टेशन

घाटाचा मुद्दा निघालाय म्हणून रेल्वेबद्दल दोन ओळी. कॅसलरॉक–कुळे टप्प्याचा चढ ३७ला १ आहे. तिथे मालगाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. भाजीसारखा घाईचा माल या वाटेने न्यायचा विचार म्हणूनच टिकत नाही. इकडे लोंढ्यापासून मिरजेपर्यंतचा पट्टा त्या मानाने सपाट आहे. घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार ही स्टेशनं ऊस-साखरेच्या पट्ट्यातूनच जातात. तिथे रेल्वे खरंच उपयोगाची, पण ठोक मालाला.

---

खत_बियाणे_चिकोडी

उगारखुर्द_स्टेशन, ठोक मालाचं पुढचं मी सांगतो. खत रेल्वेने येतं. खेड्याची पुरवठा साखळी म्हणजे फक्त शेतातून बाहेर जाणारा माल नाही, शेतात येणाराही आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

बंद वॅगनचा एक रेक (आख्खी मालगाडी) ढोबळ २,६०० टनांचा. युरियाची गोणी आता ४५ किलोची, म्हणजे साधारण ५७,८०० गोण्या एकदम एका मालधक्क्यावर. १० टनांच्या गाड्या लावल्या तर २६० फेऱ्या. रेल्वे ठराविक तासांतच वॅगन रिकामी करून मागते, नाहीतर डॅमरेज (उशिराचा दंड). जमिनीवर माल पडून राहिला तर त्याचं वेगळं भाडं. म्हणून पहिली घाई वॅगन रिकामी करायची. मग गोण्या धक्क्यावर रचल्या जातात. जूनमध्ये पाऊस आला की ताडपत्री, आणि ताडपत्री फाटकी असली की युरियाचे गोळे.

आता गाव. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ही किंमत देशभर ठरलेली. मालधक्क्याजवळचं दुकान असो किंवा कृष्णेच्या पलीकडचं शेवटचं गाव, छापील किंमत एकच. भाडं मात्र एक नाही. लांबच्या गावाचं भाडं दुकानदाराच्या कमिशनमधून जातं. त्यामुळे दुकानदार जवळच्या गावचा माल आधी उचलतो, लांबच्याला शेवटी. पेरणीच्या आठवड्यात 'आमच्याकडे युरिया नाही' अशी ओरड होते, तेव्हा अनेकदा जिल्ह्यात युरिया असतो. शेवटच्या ३० किलोमीटरचं भाडं कोण देणार हे ठरलेलं नसतं.

यावर एकच उपाय चालताना दिसतो: सहकारी सोसायटीने पेरणीच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, रस्ता कोरडा असताना साठा गावात आणून ठेवायचा. त्यासाठी जमिनीपासून उंच जोतं असलेलं गोडाऊन हवं, गोण्यांखाली लाकडी फळ्या हव्यात, आणि भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर हवं. १० गोण्यांपेक्षा उंच थप्पी लावली की खालची गोणी दगड होते.

---

वडगावकर

@खत_बियाणे_चिकोडी, हा मुद्दा डोक्यात नव्हता. भाजी बाहेर जाताना शेतकऱ्याला कमी मिळतं आणि खत आत येताना वेळेवर मिळत नाही, दोन्हीकडे तोच शेवटचा तुकडा. नदीकाठच्या कोणी पूल आणि पुराबद्दल लिहा की.

---

दूधगंगा_वेदगंगा

लिहितो. आमच्या भागात 'शेवटचा तुकडा' दरवर्षी अक्षरशः पाण्याखाली जातो.

निपाणी-चिकोडी भागात कमी उंचीचे पूल-बंधारे बरेच. कृष्णेवर कल्लोळ–येडूर, दूधगंगेवर कारदगा–भोज आणि मलिकवाड–दत्तवाड, वेदगंगेवर जत्राट–भिवशी, सिदनाळ–अक्कोळ, ममदापूर–हुन्नरगी. कोयना-राधानगरी भागात दोन-चार दिवस जोराचा पाऊस पडला की एकेक करून हे बुडतात. तेव्हा गावं तुटत नाहीत, कारण लांबचा रस्ता असतो. तुटतो तो रोजचा व्यवहार: दूध, शाळा, दवाखाना, भाजी.

दुधाचं गणित घ्या. पिळलेलं दूध दोन ते चार तासांत ४ अंशापर्यंत थंड व्हायला हवं. सकाळी सहाला पिळलेलं दूध ४० लिटरच्या कॅनमधून केंद्रावर येतं. एरवी टेम्पो पूल ओलांडून अर्ध्या तासात शीतकरण केंद्रात पोचतो. पूल बुडाला की तोच टेम्पो वळसा घालतो आणि वाटेतल्या सगळ्या केंद्रांचं दूध त्याच्याच पोटात. शेवटच्या कॅनचं दूध चार तासांच्या पुढे जातं. मग दूध फाटतं किंवा चाचणीत नापास होतं, आणि नुकसान दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईच्या माथी. तिच्या दुधात खोट नव्हती.

उपाय: पावसाळ्यापुरता तरी नदीच्या दोन्ही बाजूंना बल्क कूलर (दूध थंड करायची मोठी टाकी). ५०० ते १,००० लिटरचा पुरतो. पण सोबत जनरेटर हवाच, कारण पूर आणि वीज जाणं एकाच दिवशी येतं. जनरेटर महिन्यातून एकदा अर्धा तास भार लावून चालवून बघायचा. वर्षभर बंद ठेवलेला जनरेटर पुराच्या दिवशी चालू होत नाही. बॅटरी उतरलेली असते आणि डिझेलमध्ये पाणी साचलेलं असतं.

अंदाज कसा घ्यायचा? टीव्हीवरच्या पावसाच्या बातमीपेक्षा दोन आकडे बघा: राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत येणारा विसर्ग, आणि दूधगंगेचा विसर्ग. दोन्हींची बेरीज कल्लोळला दिसते. कोयनेतून पाणी सोडलं की ते लगेच इथे येत नाही, त्यामुळे हालचाल करायला वेळ मिळतो. त्या वेळेत खत, पशुखाद्य आणि डिझेल अलीकडच्या काठावरून पलीकडे नेऊन ठेवायचं. बाजारात न्यायचा माल आधी काढून टाकायचा, भाव थोडा कमी आला तरी.

मोठा रस्ताही यातून सुटत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे–बंगळूर वाहतूक थांबली. कोल्हापूरकडे शिरोलीजवळ पंचगंगेनेही तेच केलं. रस्ता सहापदरी असो की चारपदरी, पाण्याची पातळी पुलाच्या वर गेली की सगळे पदर सारखेच.

---

बिल्टी_आणि_चलन

२०२१च्या पुराचा उल्लेख झाला म्हणून कागदांचं सांगतो, कारण तेव्हा रांगेतल्या पुष्कळ गाड्यांची ई-वे बिलं (जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) उभ्या उभ्या संपली.

मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. बेळगाव ते भिवंडी ४०० किलोमीटरच्या पुढे जातं, म्हणजे तीन दिवस. मुदत संपायच्या आधी ८ तास आणि संपल्यानंतर ८ तास, या खिडकीत ती वाढवता येते. कारणांच्या यादीत नैसर्गिक आपत्ती, अपघात, गाडी बदलणं ही कारणं आहेत. चालक रांगेत झोपलेला, मालक घरी, आणि ट्रान्सपोर्टवाल्याने मुदत बघितलेली नाही, असं झालं की खिडकी निघून जाते. म्हणून मुदत बघायचं काम चालकाकडे ठेवू नका, ऑफिसात एकाच माणसाकडे द्या. आणि घाट बंद म्हणून माल दुसऱ्या गाडीत टाकला असेल तर नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये भरल्याशिवाय गाडी हलवू नका.

ताजी भाजी आणि दूध यांना ई-वे बिल लागत नाही. तरी सीमा ओलांडताना एक साधी पावती ठेवा: कुणाचा माल, किती नग, कुठून कुठे. चंदगडहून आलेल्या शेतकऱ्याने सातबारा, इकडच्याने पहाणी उताऱ्याची प्रत खिशात ठेवली तर वाद लवकर मिटतो.

परमिट: गाडीचं एकूण वजन (गाडी अधिक माल) ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू परमिटची गरज नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो. पण मोठ्या क्षमतेची पिकअप बऱ्याचदा ३,००० च्या वर जाते, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. आरसी बुकात एकूण वजनाचा आकडा बघा. वर असेल आणि गोवा-महाराष्ट्रात जायचं असेल तर नॅशनल परमिट काढा.

ओव्हरलोडचा दंड: २०,००० रुपये, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,०००, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवून घ्यायचा. रात्री अडीच वाजता रस्त्याच्या कडेला भाजी उतरवणं म्हणजे ती टाकून देणं.

---

नंदगड_गाव

एक साधा प्रश्न. प्रत्येक तालुक्याला एक मोठं शीतगृह बांधलं तर हे सगळं सुटणार नाही का? माल थांबवता आला की भाव पाडता येणार नाही.

---

कंग्राळी_बाजार

नंदगडकर, शीतगृह हवंच आहे, पण 'एक मोठं' म्हणजे नेमकी चूक. प्रत्येक मालाला वेगळं तापमान लागतं.

कोबी, फ्लॉवर, गाजर: शून्याच्या जरा वर. टोमॅटो (पिकत आलेला): १० ते १३ अंश. ढबू आणि हिरवी मिरची: ७ ते १०. रताळी: १३ ते १५, त्याच्या खाली अजिबात नाही.

रताळ्याचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्या खानापूर-चंदगड पट्ट्याचं ते पीक आहे आणि बेळगावच्या बाजारातून उपवासाच्या दिवसांत उत्तरेला जातं. बटाट्यासोबत ४ अंशात रताळी ठेवली की बाहेरून छान दिसतात. बाहेर काढल्यावर आतून काळी पडतात, शिजवल्यावर गाभा कडकच राहतो. व्यापाऱ्याला कळतं तेव्हा माल दिल्लीत असतो. रताळ्याला उलट आधी उब लागते: काढणीनंतर ४ ते ७ दिवस ३० अंशांच्या आसपास आणि दमट हवेत ठेवली की खरचटलेली साल भरून येते. मग १४ अंशाला ठेवा. धुऊन पाठवू नका. माती झटका, ओली करू नका.

दुसरं, टोमॅटो आणि पिकती केळी ज्या खोलीत आहेत तिथे पालेभाजी ठेवू नका. पिकताना फळातून निघणाऱ्या वायूने मेथी दोन दिवसांत पिवळी पडते.

तिसरं, शीतगृह आणि रेफ्रिजरेटेड गाडी ही थंड माल थंड ठेवण्यासाठी आहेत. दुपारी दोनला काढलेला ३५ अंशांचा माल त्यात टाकून तो थंड होईल ही अपेक्षा चुकीची. यंत्र रात्रभर चालतं, खोलीतलं तापमान वर जातं आणि आधीचा मालही घाम धरतो. म्हणून काढणी पहाटे, सावलीत ढीग, आणि जमलं तर गावातच ५ टनांची छोटी पूर्वशीतकरण खोली. तालुक्याला एका मोठ्या इमारतीपेक्षा अशा आठ-दहा छोट्या खोल्या जास्त कामाच्या.

---

नंदगड_गाव

समजलं. रताळ्याचं तापमान माहीत नव्हतं, आमच्याकडे बटाट्याबरोबरच ठेवायचा विचार चालू होता. आभारी आहे.

---

उद्यमबाग_ओतकाम

शहराच्या बाजूचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. उद्यमबाग, मच्छे इथल्या फौंड्रीला कच्चं लोखंड, वाळू, कोक आत येतं आणि कास्टिंग बाहेर जातं. आमची अडचण अंतराची नाही, वळणाची आहे. ४० फुटी कंटेनर जुन्या गल्लीत वळत नाही. नाहीतरी कास्टिंगला २० फुटीच बरा, कारण वजनाची मर्यादा आधी संपते, जागा नाही. तरी निर्यातदार सवयीने ४० फुटी मागवतात, तो रस्त्यावर उभा राहतो, बाकीच्यांची वाहतूक अडते.

निर्यातीच्या लाकडी पॅलेटचं एक सांगून ठेवतो. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राहील अशी उष्णता द्यावी लागते, आणि तसा शिक्का पॅलेटवर हवा. शिक्का नसलेला एक पॅलेट आत गेला तरी आख्खा कंटेनर परदेशी बंदरात अडतो. पॅलेट इथे दुरुस्त करताना साधी फळी ठोकली तरी शिक्क्याचा अर्थ संपला.

रविवार पेठेची अडचण याच्या उलट. तिथे मोठी गाडी आतच जात नाही. माल बाहेर उतरतो, हातगाडी आणि छोट्या टेम्पोने आत जातो, दुकानदार उघडतो, मग तोच माल पुन्हा छोट्या टेम्पोने खेड्याकडे निघतो. किराण्याची एक साखरेची पोती शहरात येऊन जाऊन चार वेळा हमालाच्या पाठीवर चढते. खेड्याकडे जाणाऱ्या मालाने शहराच्या पोटात शिरायचं कारणच नाही. शहराच्या कडेला, महामार्गालगत फक्त गाडीतून गाडीत माल बदलायची पक्की जागा हवी: गाडीच्या हौद्याच्या उंचीचा धक्का, वर पत्रा, एक वजनकाटा, रात्री दिवे. दुकानाची गादी रविवार पेठेतच राहू दे, व्यवहार तिथे होऊ दे. माल मात्र तिकडूनच वळावा.

---

मलप्रभा_ऊस

उसाबद्दल एवढंच: तोडल्यापासून २४ तासांत गाळप व्हायला हवं, त्यानंतर वजन घटतं आणि साखर उताराही. कारखान्याच्या यार्डात दोन-दोन दिवस ट्रॅक्टर उभे राहतात तेव्हा पैसे शेतकऱ्याचे जातात, कारण वजन काट्यावर होतं, शेतात नाही. तोडणीची तारीख आणि यार्डातला टोकन नंबर एकमेकांना बांधले तर निम्मा प्रश्न सुटेल. आणि ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. रात्री महामार्गावर न दिसणारी उसाची ट्रॉली माणसं मारते.

---

वडगावकर

सगळ्यांचं वाचून एक प्रश्न उरतो. परतीची रिकामी फेरी. गोव्याला भाजी गेली, गाडी रिकामी आली, तर भाडं दोन्ही बाजूंचं आपल्याच भाजीवर बसतं. परतीचा माल का मिळत नाही?

---

चोर्ला_ते_साखळी

परत येताना गाडी रिकामी नसते, तिच्यात रिकामे क्रेट असतात. अडचण तिथे आहे. आपले नेहमीचे क्रेट एकात एक बसत नाहीत. ५४ रिकाम्या क्रेटचं वजन जेमतेम १०८ किलो, पण जागा भरलेल्या ५४ क्रेटएवढीच. हौदा हवेने भरून येतो. मग मासे, नारळ, हार्डवेअर, काहीही परतीला घ्यायला जागा नाही. (मासे घ्यायचे तर हौदा धुणं वेगळं, त्याच हौद्यात उद्या कोथिंबीर चालणार नाही.)

---

पाटा_स्प्रिंग

यावर करता येण्यासारखं आहे. घडीचे किंवा उलटे फिरवून एकात एक बसणारे क्रेट घेतले तर ५४ रिकाम्या क्रेटना हौद्याचा पाव भाग पुरतो. महाग पडतात, म्हणून कोणी एकटा घेत नाही. एका मार्गावरचे दहा-बारा गाडीवाले आणि तिकडचे खरेदीदार मिळून घ्यावेत. नियम तीन ठेवा. प्रत्येक क्रेटवर ठेव रक्कम, जो क्रेट ठेवून घेईल तो ठेव भरेल. प्रत्येक गटाचा रंगाचा पट्टा, दोन बाजूंना, पुसला जाणार नाही असा. आणि मोजणी भरतानाच नाही, रिकामे उतरवतानाही, दोघांच्या सहीने. तिसरा नियम मोडला की पहिले दोन आपोआप मोडतात.

घडीच्या क्रेटमध्ये बिजागरी आधी तुटते. घ्यायच्या आधी एक क्रेट २५ किलो भरून त्यावर चार भरलेले क्रेट रात्रभर ठेवून बघा. सकाळी बाजूची भिंत आत झुकली असेल तर तो माल घेऊ नका.

---

दूधगंगा_वेदगंगा

पाटा_स्प्रिंगदादा, क्रेट रोज धुवायलाही जागा लागेल. कुजक्या टोमॅटोचा रस वाळलेल्या क्रेटमध्ये नवा माल एका दिवसात बुरशी धरतो. क्लोरीनचं पाणी, ब्रश आणि उलटे घालून उन्हात वाळवणं. बाजाराच्या आवारात नळ, उतार असलेला काँक्रीटचा ओटा आणि पाणी जायला गटार, एवढं बाजार समितीकडे मागता येईल. अर्ज लिहायचा असेल तर मसुदा इथेच टाका, निपाणी आणि चिकोडीकडच्या सह्या मी गोळा करतो.

---

कंग्राळी_बाजार

मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. ओट्याचं माप किमान २० × १० फूट धरतो, म्हणजे दोन गाड्यांचे क्रेट एका वेळी धुता येतील. कमी वाटत असेल तर आताच सांगा.